पट्टी काठाला टेकली म्हणजे अलाइनमेंट झाली असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की पॉवर स्टिअरिंग पंपाचा बेल्ट सरळ चालावा म्हणून पंपाची पुली आणि इंजिनाची क्रँक पुली, दोन्हींवर सरळ पट्टी ठेवायची, चारही ठिकाणी टेकली की झालं. पुल्या एकाच सेटमधल्या असतील तर ठीक, पण जुन्या सी-10 ला (शेव्हर्ले म्हणजे शेव्हीचा पिकअप) दुसऱ्या गाडीचा सॅगिनॉ मेकचा स्टिअरिंग पंप लावताना त्या क्वचितच तशा असतात. काठाची जाडी वेगळी निघते, मग पट्टी बरोबर टेकते आणि बेल्ट तरी तिरकाच चालतो. त्यापेक्षा व्हर्नियरने काठापासून बेल्टच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा, जो फरक येईल तो पट्टीच्या मापात धरा, आणि हे सगळं बेल्ट ताणून मगच, कारण ताण आला की ब्रॅकेट थोडा वाकतोच.

अजून एक, 1969 पासून शेव्हीच्या बहुतेक स्मॉल ब्लॉक (छोटं व्ही-8 इंजिन) कारना लाँग म्हणजे लांब वॉटर पंप आला, आधी शॉर्ट होता, म्हणजे बेल्टची रांगच पुढे सरकली, त्यामुळे ब्रॅकेट एका काळातला आणि क्रँक पुली दुसऱ्या काळातली घेतली तर वॉशर टाकत बसाल नुसते. आणि प्रेस-फिट (शाफ्टवर दाबून बसवलेली) पुली असेल तर ती हातोडीने पुढेमागे करून लाइन जुळवू नका प्लीज, पंपाची आतून वाट लागते, पुली दाबून बसवायचा इन्स्टॉलर भाड्याने मिळतो की. शिम (पातळ चकती) टाकायचीच तर ब्रॅकेटच्या मागे टाका.