धातू कारखान्यातच काढा, सीईटीपीवर ढकलू नका

खाडीकाठचा:
एमआयडीसीतलं सांडपाणी सगळ्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे सीईटीपीत जातं आणि तिथून खाडीकडे. तिथले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. क्रोमियम, निकेल, शिसं कोणी खाऊन संपवत नाही. काही गाळात बसतं, उरलेलं पुढे वाहतं. माझी आई ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते. तिसरी पाणी गाळूनच जगते, त्यातला धातू तिच्या मांसात साठतो. ज्याच्या टाकीत धातू आहे त्यानेच तो काढावा, पाणी एकत्र होण्याआधी.

प्लेटिंगवाला:
दादा, मी मालावर क्रोम-निकेलचा मुलामा चढवतो, माझ्याकडे 6 माणसं. क्रोम-निकेलच्या वेगळ्या टाक्या, गाळ पिळायचा फिल्टर प्रेस, केमिस्ट, हे मी कुठून आणू? केंद्रातच धातूंची वेगळी लाईन करा, आम्ही पैसे भरतो.

ईटीपी ऑपरेटर:
एकत्र आलेलं पाणी मी हाताळलंय, म्हणून सांगतो. हेक्झा क्रोम, म्हणजे क्रोमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, नुसत्या चुन्याने खाली बसत नाही. आधी ॲसिडने पीएच 2-3 वर आणायचा, मग मेटाबायसल्फाइट घालायचं, त्याने हेक्झाचं साधं क्रोम होतं. पिवळं पाणी हिरवट झालं की चुना, पीएच 8 ते 9. निकेलला 10 च्या आसपास लागतो आणि तिथे क्रोम परत विरघळायला लागतं. वर कोणाचा अमोनिया मिसळला की निकेल खाली बसायचं नावच घेत नाही. वेगळं ठेवणं हाच निम्मा इलाज आहे.

नारळवाडी:
करवंटीच्या कोळशातून गाळलं तर? माल इथलाच आहे.

ईटीपी ऑपरेटर:
शेवटचा हात म्हणून चालेल. पण भरलेला कोळसाही घातक कचराच. तो कोणाच्या परसात टाकणार?

प्लेटिंगवाला:
वेगळं ठेवायला माझी ना नाही. क्रोमचे ड्रम वेगळे, निकेलचे वेगळे भरून देतो. पण प्रत्येकाच्या दारात प्लांट नको. 30 ठिकाणी लक्ष ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी ठेवणं सोपं.

खाडीकाठचा:
ड्रम मला मान्य. पण ड्रमात किती गेलं आणि गटारात किती, हे कोण बघणार? भर पावसात आमचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पिवळा झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तासाभरात लोंढा आला, नमुना घ्यायलाही काही उरलं नाही. हेक्झा क्रोमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, ती पावसाच्या पाण्यात सहज लपते. म्हणून नुसतं पाणी तपासू नका. वर्षाला किती क्रोमिक ॲसिड विकत घेतलं, किती मालावर चढलं, किती ड्रमात गेलं, हा मेळ दाखवा. दाखवाल?

प्लेटिंगवाला:
खरेदीची बिलं आहेत. दाखवीन.