झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडल्यास पादचाऱ्याला दंड होतो का?

वाटसरू:
पादचाऱ्यांसाठी लाल दिवा असताना रस्ता ओलांडणे किंवा झेब्रा क्रॉसिंग सोडून मधूनच पलीकडे जाणे हे काही देशांत दंडनीय आहे, तर काही देशांत नाही, असे वाचनात आले. हा फरक कशामुळे? आणि रस्ता पूर्ण मोकळा असला तरी दंड होतो का?

नियमावली:
जर्मनीत लाल दिवा न पाळल्यास पादचाऱ्याला 5 युरो दंड होतो आणि त्यामुळे अपघात घडल्यास तो 10 युरो होतो. रस्ता मोकळा होता, हा तिथे बचाव ठरत नाही. मधूनच ओलांडणे मात्र सगळीकडे बेकायदेशीर असते असे नाही. फ्रान्समध्ये 50 मीटरच्या आत क्रॉसिंग असेल तरच ते वापरण्याचे बंधन आहे, तर पोलंडमध्ये क्रॉसिंग 100 मीटरपेक्षा दूर असल्यास वाहनांना वाट देऊन अन्यत्र ओलांडता येते.

ग्रेट ब्रिटनची गोष्ट निराळी. मोटरवे वगळता, लाल दिवा असताना रस्ता ओलांडणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा नाही आणि केव्हा ओलांडायचे हे बहुतांशी पादचाऱ्याच्या विवेकावर सोडले आहे. परंतु वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाने थांबण्यास सांगितल्यावर न थांबणे हा गुन्हा आहे.

जुना वकील:
फरकाचे कारण इतिहासात आहे. अमेरिकेत 1920च्या दशकात मोटारींची संख्या वाढली, तेव्हा वाहन उद्योगाने जोर लावून रस्ता हा प्रामुख्याने वाहनांचा, ही कल्पना रुजवली आणि तोवर रस्त्यावर मुक्तपणे वावरणारा पादचारी नियमभंग करणारा ठरू लागला. आता तिथेच काटा उलटा फिरतो आहे. 1 जानेवारी 2023पासून कॅलिफोर्नियात टक्कर होण्याचा तात्काळ धोका असल्याशिवाय पोलीस पादचाऱ्याला केवळ अशा कारणासाठी अडवू शकत नाहीत. न्यूयॉर्क शहरानेही 2024मध्ये हा दंड रद्द केला. या दंडाचा मारा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नागरिकांवर अधिक होत असल्याचा आक्षेप या बदलांमागे होता, आणि तो मला रास्त वाटतो. अर्थात दंड गेला म्हणून क्रॉसिंगबाहेर वाहनांआधी जाण्याचा हक्क मिळाला, असा त्याचा अर्थ नाही.

दावेदार:
चर्चा दंडाभोवतीच फिरते आहे, पण माझ्या मते खरा आर्थिक फटका नुकसानभरपाईत बसतो. अपघातात पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा होता असे सिद्ध झाले, तर अनेक देशांत न्यायालय त्याच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करते; म्हणजे जिथे दंडच नाही तिथेही बेफिकिरीची किंमत मोजावी लागते. फ्रान्सच्या 1985च्या कायद्याने याला मोठा अपवाद केला आहे. शारीरिक इजा झालेल्या पादचाऱ्याची चूक अक्षम्य असेल आणि तीच अपघाताचे एकमेव कारण असेल, तरच तिथे भरपाई नाकारता येते. सोळा वर्षांखालील आणि सत्तर वर्षांवरील व्यक्तींना तर याहूनही अधिक संरक्षण आहे: त्यांनी जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेतली असेल, तरच त्यांचा हक्क जातो.