मदत हवी आहे : चिटणीस की चिटणवीस?

आमचं आडनाव चिटणीस. मुलीला वर्गात विचारलं, ‘तुझे बाबा कुठल्या पक्षाचे चिटणीस?’ घरी येऊन तिने मलाच धरलं. मूळ मला ठाऊक आहे : फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणीस, पारसनीस, पोतनीस ही सगळी त्याच घरची भावंडं. शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी, त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ, बखरकार मल्हार रामराव. अभिनेत्री लीला चिटणीस मात्र माहेरच्या नगरकर. पद गेलं, आडनाव राहिलं, आणि ‘सरचिटणीस’मध्ये पद पुन्हा जिवंत झालं, ही गंमत मला फार आवडते.

अडचण वेगळीच आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘चिटणवीस’ आहे, शाई पुसट पण ‘व’ स्पष्ट. वडिलांच्या दाखल्यावर तो गायब! नागपूरकडे ‘चिटणवीस’ आजही चालतं, पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साताऱ्याचे.

एकाच घरात असा बदल कुणाकडे झालाय का? जुनी मोडी कागदपत्रं असतील तर त्यांत सही कशी आहे? आणि मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया सांगा, आमच्याकडेही दोन कागद आहेत.