मदत हवी आहे: सोप्रानो युकुलेलेनंतर कॉन्सर्ट घ्यावं की टेनर?

माझं युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) लॅमिनेटचं, म्हणजे थर चिकटवलेल्या लाकडाचं, सोप्रानो आहे. सोप्रानो आकाराने लहान, कॉन्सर्ट त्याहून मोठं आणि टेनर आणखी मोठं. कॉर्ड शिकायला छान होतं, पण आता सुटे स्वर वाजवताना कमी पडतंय. 12व्या पडद्यावर तार दाबली की स्वर चढा लागतो, ट्यूनरवर लगेच दिसतं. तारा बदलल्या, तरी तेच.

आता महोगनीचं, सॉलिड टॉपचं (वरची फळी अखंड लाकडाची) घ्यायचंय. मला भावगीतं वाजवायची आहेत आणि नेहमीच्या तारांत मिडल सी (C) स्वराच्या खाली जाताच येत नाही, म्हणून लो-जी तार (नेहमीच्या जी तारेपेक्षा एक सप्तक खालची) लावणार. टेनरवर ती भरीव वाजते, पण माझी बोटं आखूड आहेत. कॉन्सर्टवर लो-जी कोणी वापरतंय का? बोदी वाटते का?

शिवाय मी रत्नागिरीत राहते. पावसाळ्यात सॉलिड लाकूड कसं सांभाळता? बजेट 15,000 पर्यंत. मुंबई-पुण्यात हातात घेऊन वाजवून बघता येईल असं दुकान माहीत असेल तर कृपया सांगा.