एक मायक्रॉनपेक्षा पातळ सिलिकॉन पोलरायझेशन कसं काय फिरवतं?

रंकाळ्याकाठचा:
नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला आहे, सेमिनारला डायलेक्ट्रिक मेटासरफेस (धातूऐवजी सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या बारीक ठिपक्यांचा, प्रकाशाला हवं तसं बदलणारा पातळ थर) घेतलाय आणि एकाच ठिकाणी गाडी अडलीय. क्वार्ट्झमधे दोन दिशांच्या अपवर्तनांकातला फरक जेमतेम ०.००८५, म्हणजे १५५० नॅनोमीटरला हाफ वेव्ह प्लेट (पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, फिरवणारी चकती) करायची तर कमीत कमी ९० मायक्रॉन जाडी लागते. मग हे सिलिकॉनचे ठिपके एक मायक्रॉनपण उंच नसताना तेवढाच फेजचा (लाटेच्या टप्प्याचा) फरक आणतात कुठून? सिलिकॉन तर मुळात बायरेफ्रिंजंटपण (दोन दिशांना वेगळा अपवर्तनांक असलेलं) नाही.

ऑप्टिक्सवाली:
फरक सिलिकॉनमधे नाही रे, आकारात आहे. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.५ च्या आसपास, त्यामुळं प्रकाश त्या ठिपक्यात अडकून घुमतो, हाच ‘मी’ (Mie) रेझोनन्स, गुस्टाव्ह मी या शास्त्रज्ञानं १९०८ ला गणित मांडलं तो. आता झोका बघ, त्याच्या लयीपेक्षा हळू हलवला तर हातासोबत जातो, वेगात हलवला तर बरोबर उलटा, म्हणजे रेझोनन्स ओलांडताना फेज झपकन बदलते, जाडीतून फेज साठवत बसावं लागत नाही. ठिपका गोल न ठेवता लंबगोल केला की लांब बाजूचा रेझोनन्स मोठ्या तरंगलांबीला सरकतो, आणि दोन्हींच्या मधली तरंगलांबी धरली की प्रकाशाचा एका दिशेतला घटक रेझोनन्सच्या अलीकडं, दुसऱ्या दिशेतला पलीकडं.

कट्टा_मिसळ:
भावा यात एक महत्त्वाचं राहिलं, नुसता इलेक्ट्रिक डायपोल (विद्युतभारांचं मागंपुढं झुलणं) असेल तर ऐन रेझोनन्सला प्रकाश पुढं जातच नाही, सगळा परत फिरतो, आणि फेजपण १८० अंशातच संपते. ठिपक्यात मॅग्नेटिक डायपोलपण (गोल फिरणाऱ्या प्रवाहातून तयार होणारा) असतो, दोन्ही एकाच तरंगलांबीवर आणले की मागं जाणारा प्रकाश एकमेकांना खोडतो आणि पूर्ण ३६० अंश मिळतात. यालाच ह्युजेन्स मेटासरफेस म्हणतात, सेमिनारमधे हे टाकच. धातूचे ठिपके प्रकाश खातात, म्हणून सगळे सिलिकॉनकडं वळले.

रंकाळ्याकाठचा:
लई भारी, आता डोक्यात शिरलं. ताई, क्लीनरूम (असे ठिपके बनवायची धूळमुक्त लॅब) नसताना यात हातानं काय करून बघता येईल?

ऑप्टिक्सवाली:
मीप हे प्रकाशाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एक ठिपका घे, पिरियॉडिक बाउंड्री (तोच ठिपका सगळीकडं परत परत येतो असं धरणं) लाव, फ्यूज्ड सिलिका काचेवर असेल तर दोन ठिपक्यांतलं अंतर १०७० नॅनोमीटरच्या आत ठेव नाहीतर डिफ्रॅक्शनच्या ऑर्डर निघतात, म्हणजे प्रकाश भलत्या दिशांना फुटतो. एक्स आणि वाय दिशेच्या पोलरायझेशनची फेज वेगवेगळी काढ, फरक १८० आणि दोन्हींचं ट्रान्समिशन सारखं मिळालं की हाफ वेव्ह प्लेट तयार, मग ठिपका थीटा कोनानं फिरवला की पोलरायझेशन दुप्पट फिरतं. फक्त रेझोनन्स अरुंद असतो, रुंदी १० नॅनोमीटरनं बदलून बघ, सगळा ग्राफ सरकलेला दिसेल, आणि माझ्या मते सेमिनारला तोच ग्राफ दाखव.