मुलांच्या ऑपरेशननंतर ब्लॉकचा असर लांबवावा का?

मृणाल (भूलतज्ज्ञ): हर्निया, हायपोस्पेडियास (लघवीचं छिद्र जागेवर नसणं) अशा ऑपरेशनांत मूल भुलीखाली असतानाच आपण माकडहाडाशी कॉडल ब्लॉक देतो, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन. त्यात नुसतं ब्युपिव्हकेन हे बधिर करणारं औषध असेल तर चार ते सहा तास निघतात. सकाळचं ऑपरेशन, दुपारी डिस्चार्ज. दुखायला लागतं संध्याकाळी, तेव्हा मूल आईबापांच्या हातात असतं. त्याच इंजेक्शनात किलोमागे १ मायक्रोग्रॅम क्लोनिडिन घातलं तर आणखी साधारण तीन-चार तास मिळतात. औषध जुनं आहे, महागही नाही. वर्षावरच्या निरोगी मुलांना ते सर्रास मिळायला हवं. नवजात बाळांना पुरेशा वेदनाशमनाशिवाय ऑपरेट केलं जायचं, त्याला फार काळ लोटलेला नाही. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फेंटानिल या वेदनाशामकाचा फायदा दाखवला, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. मुलांचं दुखणं हलकं धरायची ती खोड अजून गेलेली नाही.

वासुदेव: साफ असहमत. असर वाढतो, तशी गुंगीही वाढते. नाडी आणि बीपी उतरू शकतं. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशननंतर किती मुलांवर नीट नजर असते, ते तुम्हालाही ठाऊक आहे. आधी सोपं करा: टेबलावरच पॅरासिटामॉल, पुढे किलोमागे १५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, आणि चालत असेल तर आयब्युप्रोफेन. ब्लॉक उतरायच्या आधीच डोस पोटात गेला पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर आपण लिहितो ‘दुखल्यास द्यावे’. खरं नुकसान तिथे होतं.

मृणाल: कार्डाचं शंभर टक्के मान्य. पण ‘पोराला सारखी औषधं नको’ म्हणून डोस न देणारे पालक रोज भेटतात. ती पहिली रात्र कोणाच्या भरवशावर सोडायची?

आदित्यची आई: माझ्या मुलाला भूल उतरल्यावर दुखत नव्हतं, पण पाय उचलता येईनात म्हणून तो किंचाळत होता. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. असर आणखी लांबवणार म्हणता, म्हणजे पायही तेवढा वेळ बधिर?

मृणाल: ताई, रास्त प्रश्न. पाय जड होतात ते मुख्यतः ब्युपिव्हकेनमुळे. क्लोनिडिन घातलं तरी तो जडपणा सहसा तेवढा लांबत नाही, दुखणं मात्र दबलेलं राहतं. पायांचं मुलाला आणि तुम्हाला आधी सांगायला हवंच होतं.

रोहन: लायपोसोमल ब्युपिव्हकेनचं, म्हणजे त्याच औषधाच्या हळूहळू सुटणाऱ्या प्रकाराचं काय? अमेरिकेत २०२१ पासून मुलांत मान्यता आहे.

वासुदेव: सहा वर्षांवरच्या मुलांत, आणि तेही जखमेभोवती टोचायला. कॉडलसाठी नाही. हर्नियाची कितीतरी मुलं त्याहून लहान असतात. कॉडलमधून मॉर्फिन दिलं तर असर बराच लांबतो, पण खाज, लघवी अडकणं, उशिरा श्वास मंदावणं. मग रात्रभर मॉनिटर आलाच.

सिस्टर वैशाली: वॉर्डात मूल रडलं की भूक लागली असेल म्हणतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत काढल्यावर शांत होणं यांवरून दुखण्याला दहापैकी गुण देणारं फ्लॅक कोष्टक आहे, दोन मिनिटंही लागत नाहीत. तुमचा वाद चालू द्या, पण आधी ते केसपेपरला लावा.

वासुदेव: लावतो. आणि मृणाल, क्लोनिडिन दिलेलं मूल संध्याकाळपर्यंत ऑक्सिमीटरवर ठेवणार असाल तर वर्षावरच्यांसाठी माझा विरोध मागे. अकाली जन्मलेल्या तान्ह्यांसाठी नाही म्हणजे नाही.