फी जूनमध्येच का? बंदीच्या दिवसांत दप्तर भरायचं कसं

बंदरकाठची (मालवण)

३१ मेला बोट वर ओढली, शाकारली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, हे काही आम्हाला नवं नाही. माशांची वीण होते, समुद्र खवळलेला असतो, बंदी हवीच. ३ जूनला शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला : पहिल्या सत्राची फी १२ तारखेपर्यंत भरावी, पुस्तकांचा सेट ऑफिसमधून न्यावा.

मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. सहामाही फी प्रत्येकी ९,५००. दोघांचे सेट मिळून ९,३००. गणवेश दोन-दोन आणि पीटीचा एकेक, ५,६००. व्हॅनवाल्या काकांचे महिन्याचे २,०००. इथेच ३५,९०० झाले. मग काळे बूट, पांढरे बूट, रेनकोट, दप्तरावर घालायचं प्लास्टिक. चाळीस हजारांना हात लागले आणि घरात येणारा पैसा शून्य. उलट याच दोन महिन्यांत इंजिनाचं काम काढावं लागतं, जाळी विणायची असतात, खलाशांना उचल द्यावी लागते.

पांढऱ्या पीटी ड्रेसचं तर मला हसूच येतं. आमच्याकडची लाल माती आणि जूनचा पाऊस ज्याने बघितलाय तो माणूस मुलांना पांढरी पँट लावणार नाही. पहिल्या शनिवारीच ती विटेच्या रंगाची होते. चार दिवस सुकत नाही म्हणून दुसरी घ्या.

मी फुकट शिकवा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की शाळेचं कॅलेंडर पगारदाराच्या घरावरून बेतलंय. त्याला जूनही तसाच आणि नोव्हेंबरही तसाच. आंबेवाल्याकडे मेअखेर थोडा तरी पैसा असतो. आमच्या हातात नारळी पौर्णिमेपर्यंत, खरं तर दसऱ्यापर्यंत, काही पडत नाही. मग बंदरावरच्या मुलांची फी ऑक्टोबरमध्ये घ्यायला शाळेचं काय जातं? दरवर्षी जूनमध्ये माझ्या बांगड्या पतपेढीत जातात आणि दिवाळीला सुटतात. ते व्याजही फीच आहे, फक्त पावतीवर येत नाही.

चाकरमानी (डोंबिवली)

ताई, राग मानू नका. बंदी दरवर्षी १ जूनलाच येते ना? मग दहा महिने काय करता? आम्ही दर महिन्याला फीसाठी बाजूला काढतो. गणपतीला मखर, शिमग्याला पालखी, मुलाला नवा मोबाइल, या सगळ्याला पैसे निघतात, शाळा आली की मात्र बंदी आठवते.

बंदरकाठची

दादा, तुमच्या खात्यात १ तारखेला ठरलेला आकडा येतो, त्यातून बाजूला काढणं सोपं. आमच्याकडे फेब्रुवारीत एक दिवस बांगडा लागतो आणि पुढचे वीस दिवस डिझेलचेही सुटत नाहीत. शिवाय मखराला चाळीस हजार लागत नाहीत. गणपतीला गावी येता तेव्हा मूर्तीच्या वरची पानाफळांची माटवी कोण बांधून ठेवतं तेही आठवा.

चाकरमानी

माटवीचं मान्य. बाकी मुद्दा सोडत नाही. अनियमित कमाई असेल तर उलट जास्त साठवायला हवं.

निवृत्त गुरुजी (वेंगुर्ला)

मला वेगळंच विचारायचंय. या सगळ्या खर्चाला तुम्ही आपल्या पायांनी चालत का जाता? जिल्हा परिषदेची शाळा वाडीत आहे. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, गणवेश मोफत, दुपारचं जेवण. २०२३ पासून बूट-मोजेही. फी नाही, व्हॅन नाही. शेवटी मी होतो त्या शाळेचा पट ११ वर आला होता. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांचे शिक्षकच जायला लागले. तुम्ही मुलं काढली म्हणून पट कमी झाला, पट कमी म्हणून शिक्षक गेला, आणि आता शिक्षक नाही म्हणून तुम्ही मुलं घालत नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ ला ९९.०१ टक्के होता. त्यातली कितीतरी पोरं मराठी शाळेतनंच वर आली आहेत.

बंदरकाठची

गुरुजी, मोठ्याला मी तिसरीपर्यंत तिथेच घातला होता. चार वर्गांना एक बाई. त्या मतदारयाद्यांच्या कामाला गेल्या की शेजारच्या शाळेतले सर येऊन हजेरी घेऊन जायचे. बाईंचा दोष नाही, पण पोराचं एक वर्ष गेलं. आणि तुमचे बूट-मोजे! एका मुलामागे १७० रुपये, त्यात एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे. आमच्या बाजारात तेवढ्यात बरी रबरी चप्पल येत नाही. गणवेशाचंही २०२४ मध्ये काय झालं? एक राज्य एक गणवेश म्हणून शिलाई बचत गटांकडे दिली, पावसाळा निम्मा सरला तरी आमच्या वाडीत कपडे आले नव्हते, शेवटी डिसेंबरात शासनाने सगळं परत शाळा समितीकडे दिलं. फुकट मिळतं हे खरं, पण कधी आणि कसं ते तुम्हीही बघितलंय.

एक विचारू का? तुमची मुलं कुठे शिकली?

निवृत्त गुरुजी

मोठी माझ्याच शाळेत. धाकटा इंग्रजी माध्यमात. बायकोने हट्ट धरला आणि मीही फार ताणलं नाही. आता विचारलंत म्हणून लिहिलं.

तिरफळ (कुडाळ)

वायच माझा पण आयका. नातवाक पैलीत घालूक गेलंय तर म्हणतत, बूट शाळेतलेच घेवक होये. बूट! मिरगाच्या पावसात! पोरगो अनवाणी चिखल तुडवीत येता नि बूट दप्तरात. माका तर वाटता दप्तराचा अर्धा वजन त्याच बुटांचा.

शाळेतला क्लार्क (रत्नागिरी)

दुसऱ्या बाजूचंही कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. मी एका विनाअनुदानित शाळेत आहे. संस्थाचालक म्हणजे मर्सिडीजवाला असं तुमच्या डोळ्यासमोर असेल तर आमच्याकडे येऊन बघा, अध्यक्ष स्कूटरवर येतात. पट २१०. शासनाचा एक रुपया पगाराला नाही. आमच्या बाईंना १०-१२ हजार मिळतात आणि त्यांचा मेचा पगार जूनच्या फीतूनच होतो. तुमची बोट जूनमध्ये वर असते, आमची मेमध्ये. पावसाच्या आधी पत्रे बदलायचे, ते कर्जावर.

शिवाय आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने मोफत प्रवेश द्यायची, २५ टक्के मुलं. त्यांना शिकवायला आमची ना नाही. पण शासन वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपयांपर्यंत देणार असं कागदावर आहे, आणि आमचे तीन वर्षांचे हप्ते थकलेत. ती तूट कोण भरून काढतं? फी भरणारे पालक. सरळ बोललो.

सगळ्या बंदरवाल्यांनी ऑक्टोबरमध्ये फी दिली तर जून ते सप्टेंबर मी पगार कुठून करू? पतपेढीत बाईंच्या बांगड्या ठेवायच्या का?

बंदरकाठची

हे मात्र मला लागलं. बाईंच्या बांगड्यांचा विचार मी केला नव्हता.

तरी एक सांगा. २१० मुलांत बंदरावरची किती? आमच्या शाळेत दोन वर्ग भरतील एवढीही नाहीत. तेवढ्यांची फी चार महिने मागे गेली तर सगळा पगार अडत नाही, थोडा अडतो. आणि संस्थेला कर्ज मिळतं ते आम्हाला मिळतं त्यापेक्षा स्वस्त मिळतं. जूनची खोट कोणीतरी उचलायचीच आहे, ती सगळ्यात महाग दराने कर्ज काढणाऱ्यानेच का उचलायची?

आणि सेटचं काय? तो पगारासाठी नाही ना?

शाळेतला क्लार्क

सेटवर मी काही बोलत नाही.

पेठेतलं दुकान (कणकवली)

मग मी बोलतो. वडिलांपासून वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पूर्वी १० जूनपासून फळीवर उभं राहायला जागा नसायची. आता दुपारी झोप काढतो.

काय झालं ते सांगतो. खासगी प्रकाशकाची पुस्तकं, त्यातच लिहायची जागा. एकदा मुलाने पेनाने भरली की पुस्तक संपलं. आमच्याकडे पद्धत होती, वरच्या वर्गातल्याची बालभारतीची पुस्तकं निम्म्या किमतीत खालच्याने घ्यायची, मी स्वतः शिवून, नवं कव्हर घालून द्यायचो. एक पुस्तक चार-चार मुलांनी वापरलेलं बघितलंय. ते या लिहायच्या पुस्तकांनी मारलं. माझ्या मते फीपेक्षा इथे जास्त लूट आहे, कारण फीला निदान पावती आणि समिती असते.

वह्यांवर शाळेचं नाव छापायचं आणि ती बाहेर मिळत नाही असं सांगायचं. मला एका शाळेने विचारलं, आमचं काम घ्या, किती सोडणार? मी आकडा सांगितला. कमी वाटला. काम दुसऱ्याकडे गेलं. बहुधा पालकांकडून ते जास्तच वसूल झालं असणार.

वह्या स्वस्त झाल्या का असं सगळे विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वही, पेन्सिल, शार्पनर, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. वही-पेन्सिलवर १२ टक्के होता. कंपास पेटी १२ वरून ५ वर. पण वही करमुक्त झाली म्हटल्यावर ती बनवणाऱ्याला कच्च्या मालावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. आतला कागद करमुक्त केला, पण पुठ्ठा, छपाई, तार यांवर कर आहेच. त्यामुळे शंभराची वही अठ्ठ्याऐंशीला मिळेल असा हिशोब करू नका. माझ्याकडे डझनामागे थोडाफार फरक पडला, तेवढाच. शाळेच्या छापील वहीवर तर किंमतच शाळा ठरवते.

चाकरमानी

शाळेच्या दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत. बाहेरून घ्या, कोण अडवतंय?

पेठेतलं दुकान

घ्या ना. मग वर्गात मुलाला विचारतात, तुझी वही वेगळी का? आठ वर्षांच्या मुलीला आदेश वाचून दाखवायला सांगू का?

कायद्याचं बोला (चिपळूण)

जरा नेमकं बोलू. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. फी संस्थाचालकाच्या मर्जीने ठरत नाही. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर प्रस्ताव जातो, त्या समितीत पालक सोडतीने निवडायचे असतात, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. तुमच्यापैकी किती जणांना ती सोडत कधी झाली ते माहीत आहे? मी विचारलं तेव्हा मुख्याध्यापकांनी यादी दाखवली, तिच्यात एका संचालकांची सून होती. पालक म्हणून.

कायद्यात खोट अशी की नंतरच्या दुरुस्तीने फीविरुद्ध दाद मागायला २५ टक्के पालक लागतात. एकट्यादुकट्याला दारच नाही.

हप्त्यांबद्दल : ८ मे २०२० ला कोविडमध्ये शासनाने निर्णय काढला होता की फी एकदम न घेता महिन्याने किंवा तिमाहीने भरायचा पर्याय पालकांना द्यावा. संस्था कोर्टात गेल्या, स्थगितीही मिळाली. सांगायचा मुद्दा हा की फी कधी घ्यायची ही मागणी हास्यास्पद नाही, शासनाने स्वतः केली होती.

रातांबा (राजापूर)

२५ टक्के कुठून आणणार? शहर नाही हे. मुख्याध्यापक माझ्या मावशीच्या शेजारी राहतात, संस्थेचे चिटणीस आमच्या सोसायटीचे चेअरमन. सही केली तर पुढच्या वर्षी पीककर्जाला हेलपाटे मारायला लागतील. शिवाय एकच इंग्रजी शाळा आहे, मुलगी काढून नेणार कुठे?

आणि बंदरकाठची ताई, आंबेवाल्याकडे मेअखेर पैसा असतो हे कोणी सांगितलं? वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, कधीकधी जुलैत हातात येते, तीही औषधवाल्याची उधारी वजा करून. यंदा तर मोहोरच दोनदा गळला. आम्हालाही घ्या तुमच्या यादीत.

बंदरकाठची

चुकले. घेते.

चाकरमानी

आता आंबेवाले, उद्या भातवाले, मग रिक्षावाले. शेवटी जूनमध्ये फी देणारा मी एकटाच उरतो.

तिरफळ

मगे तुमी मुंबयतलो हापूस पण जूनात खावा, स्वस्त मिळता.

शाळेतला क्लार्क

काल रात्री वही काढून बसलो. आमच्याकडे मासेमारीवर घर चालणारी मुलं २६. सगळ्यांची सहामाही ऑक्टोबरला नेली तर पगाराला खोट येते, पण एका महिन्याचीच, जुलैची. ऑगस्टपासून बाकीच्यांचे हप्ते येतात. चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, ऑक्टोबरच्या तारखेचा चेक आधी घ्या, मग बघू. चेक वटला नाही तर काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो चुकीचा नाही.

ताई, तुमच्या शाळेत अर्ज करणार असाल तर प्रत्येकाने वेगळा करू नका, एकच करा. त्यात बोटीचा नोंदणी क्रमांक लिहा, म्हणजे खरे बंदरवाले कोण ते कळेल. आणि सेटचा विषय त्या अर्जात घालू नका. एका कागदावर दोन मागण्या दिसल्या की कमिटी अवघड ती धरून दोन्ही नाकारते.

बंदरकाठची

सेट सोडायचा म्हणता, ते मला पटत नाही. तरी अर्जातून काढला. आमच्या बंदरावर १७ सह्या झाल्या, दोघांनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलंय. चेकबुक मात्र आमच्यातल्या सहाच घरांत निघालं.

दुकानवाले दादा, सातवीची जुनी बालभारती कोणाकडे असेल तर बाजूला ठेवा. शाळा घेऊ देते का ते नंतर बघू.

पेठेतलं दुकान

गणित, भूगोल, हिंदी आहे. विज्ञानाचं पहिलं पान फाटलंय, चिकटवून ठेवतो.